शरदातील संध्याकाळ आणि घरोघरचा बल्लव

आश्विन उजाडला की सातारा-सांगलीच्या मुलखाचे रूप पालटते. पाऊस माघार घेतो, कृष्णा-कोयनेचे गढूळ पाणी निवळू लागते. माण-खटाव आणि जत-आटपाडीकडे बाजरीची कणसे खुडली जातात, तासगाव-मिरजेकडे द्राक्षबागांची छाटणी सुरू होते आणि साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांतून झळकू लागतात. नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी असे सण एकापाठोपाठ एक दारात उभे राहतात. त्यातच मुलांच्या सहामाही परीक्षा येतात. वर्षातील सर्वांत गजबजलेले असे हे दोन महिने. सणावारांच्या पक्वान्नांवर या दिवसांत भरभरून लिहिले जाते. पण दोन सणांच्या मध्ये येणाऱ्या साध्या मंगळवारी वा गुरुवारी रात्री काय शिजवायचे, या प्रश्नाकडे मात्र कोणी फारसे गांभीर्याने पाहत नाही.

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो, तिच्यावर व्याख्याने देतो आणि ऐकतो. परंतु हे कुटुंब दिवसातून प्रत्यक्ष एकत्र येते तरी कधी? सकाळी जो तो आपापला डबा घेऊन बाहेर पडतो. दुपार ज्याची त्याची वेगळी असते. सर्वजण एका छताखाली, एका वेळी, एकमेकांचा चेहरा पाहत बसतील अशी एकच वेळ उरते, ती म्हणजे रात्रीच्या जेवणाची. ती हातची गेली, तर कुटुंब म्हणजे एका पत्त्यावर राहणारी चार-पाच माणसे, एवढाच अर्थ शिल्लक राहील.

आणि ती हातची जाऊ लागली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मिरजेच्या रुग्णालयात पाळी संपवून निघालेली परिचारिका, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून परतणारी कामगार स्त्री, साताऱ्यातील बँकेत दिवसभर खिडकीवर बसलेली लिपिक किंवा दिवसभर भांगलण करून सांजावता घरी येणारी शेतमजूर स्त्री, यांच्यापैकी कोणालाही संध्याकाळी सात वाजता चूल पेटवण्याचा उत्साह असणे अवघडच. मग कधी पाकिटातील शेवया उकळल्या जातात, कधी कोपऱ्यावरच्या गाडीवरून काही आणले जाते, कधी भ्रमणध्वनीवर दोन बोटे फिरवली की दारात डबा येतो. आणि प्रत्येक जण आपापली ताटली घेऊन आपापल्या पडद्यासमोर बसतो. यावर 'हल्लीच्या बायकांना स्वयंपाक नको' असा शेरा मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तो शेरा अन्यायाचा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो चुकीचा आहे.

जुन्या स्वयंपाकघराचे गणित

पूर्वीच्या स्त्रीला वेळ होता आणि आजच्या स्त्रीला नाही, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुस्थिती तशी नव्हती. पूर्वीच्या स्त्रीलाही पहाटेच्या जात्यापासून शेतातल्या कामापर्यंत क्षणाची उसंत नसे. तरीही रात्री चूल पेटल्यावर अर्ध्या-पाऊण तासात घरातली माणसे जेवायला बसत. हे साधत होते, कारण त्या स्वयंपाकाचे बरेचसे काम त्या संध्याकाळी होतच नसे. ते काही महिने आधीच होऊन गेलेले असे.

आपल्या भागातील कांदा-लसणाची चटणी हे याचे उत्तम उदाहरण होय. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, कांदा तळून घ्यायचा, लसूण, सुके खोबरे, धने, तीळ आणि गरम मसाला भाजून सारे डंकावर कुटायचे आणि बरणीत दाबून भरायचे. वर्षभर त्या बरणीतला एक चमचा कालवणात पडला, की वाटणाची गरज उरत नाही. आज बाजारात 'तयार मसाला' म्हणून जे आकर्षक वेष्टनात विकले जाते, ते आपल्या आज्यांनी कितीतरी आधी साधले होते. तीच गोष्ट मेतकुटाची, भाजणीची, सांडग्यांची, शेंगदाण्याच्या कुटाची. रात्रीचा स्वयंपाक सोपा होता, कारण त्याचे कष्ट वर्षभरात विभागलेले होते.

आणि या गणिताचा दुसरा भाग आपण विसरतो. ते कष्ट केवळ दिवसांत विभागलेले नव्हते, तर हातांतही विभागलेले होते. सासू, सुना, जावा, नणंदा आणि शेजारणी अंगणात बसून ही कामे उरकत. आज घर चौघांचे झाले आणि हात दोनच उरले. अपेक्षा मात्र आठ हातांच्या वेळचीच राहिली. आजच्या गृहिणीची दमणूक आळसातून आलेली नाही, ती या न जुळणाऱ्या गणितातून आली आहे.

तेव्हा सोप्या जेवणाचा विचार करायचा तर दोन गोष्टी कराव्या लागतील. एक, संध्याकाळचा पदार्थ साधा ठेवायचा. दोन, हात वाढवायचे. पहिली गोष्ट करायला आपला मुलूख आणि हा ऋतू दोन्ही मदतीला उभे आहेत.

शरदाच्या पाच संध्याकाळी

शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आईच, असे जुने वैद्य विनोदाने म्हणत. पावसाळ्यात साठलेले पित्त या दिवसांतील उन्हाने उसळते, असे आयुर्वेद सांगतो. वाग्भटांच्या 'अष्टांगहृदया'तील ऋतुचर्येत शरदासाठी तांदूळ, मूग, पडवळ, आवळा असा हलका, गोडसर आणि कडवट चवीचा आहार सुचवला आहे, तर दही, तेलकट पदार्थ आणि पोटाला तड लागेपर्यंतचे जेवण वर्ज्य मानले आहे. योगायोग पाहा, हे पथ्याचे जेवण शिजायला सर्वांत झटपट! दिवसाच्या शेवटी दमलेल्या घराला जे परवडते, तेच या ऋतूत शरीरालाही मानवते.

सोमवारी मुगाची मऊ खिचडी करावी. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, हळद, हिंग, जिरे, मीठ आणि पाच वाट्या पाणी कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या द्याव्यात. वर साजूक तूप आणि सोबत भाजलेला पापड. कुकर आपले काम करीत असताना घरातल्यांना हातपाय धुऊन दिवा लावण्यापुरता वेळ मिळतो. हळद तर आपल्या घरचीच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मंगळवारी दोडका किंवा पडवळ. भाजी चिरून अर्धी वाटी भिजलेल्या मूगडाळीसह फोडणीला टाकली आणि वर झाकण ठेवले, की पंधरा-वीस मिनिटांत शिजते. सोबत शाळूची नाहीतर नव्या बाजरीची भाकरी. भाकरी थापण्याचे बळ नसेल, तर ती गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रातून किंवा बचत गटाच्या ताईंकडून आणण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्या भाकरीने आणखी एका घराची चूल पेटते. आपल्याच वस्तीतील हातची ताजी भाकरी आणि कोठेतरी महिन्यांपूर्वी बंद झालेले पाकीट, यांत फरक आहे.

बुधवारी वाघ्या घेवड्याची आमटी. कोरेगाव तालुक्यातील या घेवड्यालाही भौगोलिक मानांकन लाभले आहे. दाण्यावरच्या लालसर रेघांमुळे त्याला हे नाव पडले. सकाळी घरातून निघताना एक वाटी घेवडा भिजत घालावा. संध्याकाळी भिजवलेले पाणी टाकून देऊन नव्या पाण्यात तो कुकरला चांगला मऊ शिजवावा. हा राजम्याच्या कुळातला दाणा आहे, अर्धकच्चा राहिला तर पोट बिघडवतो; तेव्हा येथे घाई नको. मग कांद्याची फोडणी, चमचाभर कांदा-लसणाची चटणी, दोन चमचे शेंगदाण्याचे कूट आणि गुळाचा खडा. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी चटणीचा हात आवरता घ्यावा. याच रीतीने अख्खा मसूरही करता येतो. इस्लामपूर-कऱ्हाडकडच्या हॉटेलांनी ज्याला एवढे नाव मिळवून दिले, तो पदार्थ घरी निम्म्या तेलात आणि कितीतरी कमी पैशांत होतो.

गुरुवारी चकोल्या, म्हणजे वरणफळे. तुरीच्या पातळ वरणात कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्याएवढे तुकडे सोडायचे आणि दहा मिनिटे उकळू द्यायचे. डाळ, गहू, फोडणी सारे एका पातेल्यात. भांडीही एकच पडते, ही गोष्ट घासणाऱ्याच्या दृष्टीने लहान नाही.

आणि शुक्रवारी आपले सर्वांचे पिठले. डाळीचे पीठ, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि वीस मिनिटांत घर जेवायला बसते. पाहुणा अवचित आला तरी पाण्याचा एक पेला वाढवून त्यालाही सामावून घेणारा असा उदार पदार्थ दुसरा नाही.

या पाचही ताटांत धान्य आणि डाळ यांची जोडी आहे. आधुनिक पोषणशास्त्र सांगते, की धान्यातील प्रथिनांत लायसिन कमी असते ते कडधान्य पुरवते, आणि कडधान्यात मेथिओनिन कमी असते ते धान्य पुरवते. ही जोडी आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळेविना जमवली होती. आमटीवर लिंबाची फोड पिळली तर डाळीतले लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. एवढे दोन नियम पाळले तरी पुरे.

वाईचा बल्लव आपण विसरलो

इथवर वाचून अनेक वाचक मान डोलावतील आणि हा अंक घरातील स्त्रीच्या हाती देतील. 'बघ, किती सोपे लिहिले आहे!' असे म्हणतील. नेमके तेथेच या लेखाचे म्हणणे सुरू होते. सोपे असेल, तर ते तिनेच का करायचे?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणाचे आकडे बोलके आहेत. घरकामात भाग घेणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, पुरुष ८८ मिनिटे देतो. त्यातही अशा कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया ८१ टक्क्यांहून अधिक आहेत, तर पुरुष २७ टक्के. म्हणजे चारांतील सुमारे तीन पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत. याआधीच्या २०१९ च्या सर्वेक्षणात हातभार लावणाऱ्या पुरुषाची सरासरी ९७ मिनिटे होती. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, अनेक पुरुष हौसेने स्वयंपाकघरात शिरले, त्यांची छायाचित्रे झळकली. ती हौस टाळेबंदीबरोबरच उठली, असे या आकड्यांवरून म्हणावे लागते.

कोणी म्हणेल, पुरुषाने स्वयंपाक करणे ही आपली रीत नव्हे. खरोखरच नव्हे का? आपल्या लग्नकार्यात आचारी पुरुष असतो. गावच्या जत्रेत महाप्रसादाच्या कढया पुरुष ढवळतात. मठ-मंदिरांच्या मुदपाकखान्यात पुरुषच राबतात आणि ते काम पुण्याचे मानले जाते. दमयंतीचा पती राजा नल पाककलेत इतका निपुण, की 'पाकदर्पण' हा ग्रंथ परंपरेने त्याच्या नावावर आहे. आणि आपल्या सातारा जिल्ह्यातील वाईला तर लोकपरंपरा विराटनगरी मानते. अज्ञातवासाच्या वर्षी पांडव जेथे राहिले ती ही नगरी, आणि तेथे विराटाच्या पाकशाळेत हाती पळी घेऊन उभा असलेला बल्लव म्हणजे प्रत्यक्ष गदाधारी भीमसेन! त्याच्याच नावावरून निपुण आचाऱ्याला आपण आजही बल्लवाचार्य म्हणतो. पळी धरल्याने भीमाच्या पौरुषाला उणेपणा आला नाही, तर तो आपल्यालाच कसा येईल? शंभर पानांच्या पंगतीसाठी पातेले उचलणारा पुरुष घरातल्या चौघांसाठी कुकर लावताना संकोचतो. याला परंपरा म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

'तोही दमून येतो' हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. पण तीही दमूनच येते. दोघे दमलेले असताना एकाने वृत्तवाहिनीसमोर बसायचे आणि दुसरीने ओट्यासमोर उभे राहायचे, ही वाटणी कोणत्या धर्मशास्त्रात बसते? आपण घरातल्या स्त्रीला अन्नपूर्णा म्हणतो. देवीची उपमा देऊन माणसाचे कष्ट झाकता येत नाहीत. अनेक घरांत ही अन्नपूर्णा सर्वांना वाढून झाल्यावर, एकटी, उरलेसुरले खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत; पण जी शेवटी जेवते तिच्या ताटात आमटीचा तळ आणि भाजीचा रस्साच येतो, हे आपण सर्वांनी आपापल्या घरी पाहिलेले आहे.

वाटीचे माप, पंगतीचे मोल

'मला येत नाही' हा शेवटचा आणि सर्वांत लाडका आक्षेप. त्याचे उत्तर सांगली जिल्ह्यानेच देऊन ठेवले आहे. कुंडलमध्ये १९१३ साली जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. लग्नानंतर सासूबाईंच्या हाताखाली त्या पाककलेत तरबेज झाल्या. १९७० साली त्यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच्या लाखाहून अधिक प्रती घरोघरी गेल्या. या पुस्तकाचे मोठेपण केवळ पाककृतींच्या संख्येत नाही. 'अंदाजाने मीठ', 'बेताचे पाणी' ही भाषा बाजूला ठेवून त्यांनी वाटी आणि चमचा हे माप दिले, हे त्याचे खरे मोठेपण.

या मापाचे महत्त्व नीट ध्यानी घेतले पाहिजे. अंदाज हा ज्याच्या त्याच्या हातात असतो. तो हात थकला वा गेला की विद्याही जाते. माप मात्र कोणालाही वापरता येते. ज्याला वाटी मोजता येते त्याला खिचडी करता येते, मग तो नवरा असो, दहावीतला मुलगा असो वा निवृत्त आजोबा असोत. चौथी शिकलेल्या एका स्त्रीने स्वयंपाकघराचे कुलूप उघडून दिले. त्यातून आत जायचे की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.

याच भूमीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीत जेवत आणि स्वतःची कामे स्वतः करीत. त्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही विकले. लक्ष्मीबाईंच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. पण त्या वसतिगृहाचा दुसरा धडाही तेवढाच मोलाचा आहे: ज्याला जेवायचे आहे त्याने कामाला हात लावायचा, आणि जेवताना सर्वांनी एकत्र बसायचे. अवघा महाराष्ट्र ज्याला शिक्षणाचा आदर्श मानतो, तो पाठ आपण आपल्या घरी गिरवायला काय हरकत आहे?

त्यासाठी फार मोठा संकल्प नको. पाच संध्याकाळींची वाटणी कागदावर लिहावी आणि ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावी. दोन संध्याकाळी तिच्या, दोन त्याच्या, एक मुलांची. कडधान्य भिजवणे आजोबांकडे, कूट करून ठेवणे रविवारी सर्वांकडे. मुलाला आणि मुलीला कुकर लावणे एकाच वयात शिकवावे. पहिल्या आठवड्यात खिचडी खाली लागेल, चकोल्या जाड होतील. त्या मुकाट्याने, कौतुकाने खाव्यात. ताटे एकाच वेळी मांडावीत, करणाऱ्याचे ताटही त्यात असावे, आणि तेवढा अर्धा तास दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांना विश्रांती द्यावी.

शरद पौर्णिमेच्या रात्री लक्ष्मी 'को जागर्ति' असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा आहे. कोण जागे आहे, हा तिचा प्रश्न. त्या रात्री चंद्राखाली आटीव दूध घेताना प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाने तो आपल्यालाच विचारला आहे असे समजावे. ती रात्री उशिरा ओटा पुसत जागी आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. आता आपणही जागे व्हावे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ मोजून घ्यावी.